अकरावीच्या भूगोलात नदी आणि समुद्रकिनाऱ्याची भूरूपं एकमेकांत मिसळतात. परीक्षेसाठी उजळणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बडोद्यात सीबीएसईच्या अकरावीत आहे, इंग्रजी माध्यम, परीक्षेला आठ दिवस. नावं सगळी पाठ आहेत, पण पाच मार्कांच्या प्रश्नात तीन ओळींपुढे गाडी जात नाही.

नावांची यादी पाठ केली की हे होणारच. यादीतून व्याख्या निघते, उत्तर निघत नाही. त्यापेक्षा प्रत्येक भूरूपाला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: इथे पाण्याचा जोर वाढला की घटला, आणि कशामुळे? वाढला तिथे झीज, घटला तिथे भर. आणि जोर घटताना जड माल आधी खाली बसतो, बारीक माल पुढे जातो. एवढ्यावर नदीचा जवळजवळ सगळा भाग आणि किनाऱ्याचाही बराचसा उलगडतो.

उदाहरणार्थ, डोंगरातून मैदानात उतरताना उतार एकदम कमी होतो आणि दगडगोटे तोंडाशीच पडतात: झालं पंखाकृती मैदान, म्हणजे अल्युव्हिअल फॅन. पुराचं पाणी काठावरून पसरलं की उथळ होतं, जोर जातो, जाडी रेती काठालगतच पडते: झाला नैसर्गिक पूरतट, म्हणजे लेव्ही. (माणसाने बांधलेला बंधारा तो वेगळा, मुलं हमखास तोच काढतात.) नदी समुद्राला मिळते तिथे पाणी थबकतं, गाळ बसतो: त्रिभुज प्रदेश. फॅन आणि डेल्टामधला फरक विचारला तर जागेबरोबर हेही लिहायचं की डेल्टातला गाळ नीट प्रतवारी होऊन थराथराने बसलेला असतो, फॅनमधला तसा नसतो. हा मुद्दा बहुतेक पेपरांत सुटलेला दिसतो.

आता प्रत्यक्ष कामाचं. कोरे कागद घ्या. एका भूरूपाला एक कागद, त्यावर तीन चौकटी: आधी, मधे, नंतर. पुस्तक बंद. दहा मिनिटांत पेन्सिलीने आकृती आणि नावं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने. दुसऱ्या दिवशी फक्त लाल झालेले कागद पुन्हा. दहा आकृत्या पुरतात: धबधबा आणि घळई, नागमोडी वळण म्हणजे मिअँडर, ऑक्सबो लेक म्हणजे नदीपासून तुटलेल्या वळणाचं तळं, लेव्ही, फॅन, डेल्टा, नदीच्या पायऱ्या म्हणजे रिव्हर टेरेस, कडा आणि त्यापुढचा मंच, गुहा ते स्तंभ, वाळूचा दांडा आणि खाजण म्हणजे लगून. रोज तीन नव्या काढल्या तर चार दिवसांत संपतात आणि उरलेले चार दिवस लिहिण्याच्या सरावाला मिळतात.

यातल्या नागमोडी वळणावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण गोंधळ तिथेच होतो. वरून पाहिलेली आकृती सगळ्यांना येते; आडवा छेद कुणी काढत नाही. बाहेरच्या काठाला पाणी वेगाने आदळतं, तिथे पात्र खोल आणि काठ उभा. आतल्या काठाला पाणी संथ, तिथे रेती साचून उताराचा पट्टा तयार होतो, तो पॉइंट बार. त्यामुळे छेद एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असाच यायला हवा. वाटीसारखा सारखा काढला तर शिक्षकांना कळतं की प्रक्रिया समजलेली नाही. पुढे ऑक्सबो लेकमध्ये तीन गोष्टी क्रमाने लागतात: वळणाची मान, म्हणजे दोन टोकांमधली जमिनीची पट्टी, झिजून अरुंद होते, पुराच्या वेळी नदी ती मान फोडून सरळ जाते, आणि मग जुन्या वळणाची दोन्ही तोंडं गाळाने बुजतात. तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात. तोंडं बुजल्याशिवाय तळं वेगळं कसं पडेल?

हे बघायला पुस्तकच हवं असं नाही. फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि कमाटीबागेपासून विश्वामित्रीच्या पात्रावरून बोट फिरवत अकोट्याच्या पुलाच्या पुढे शहराबाहेर जा. वळणामागून वळण दिसेल. प्रत्येकाचा बाहेरचा काठ कुठला ते तिला बोट ठेवून सांगायला लावा. हे सगळं पडद्यावरच करा, काठावर उतरायचं कारण नाही. मगरींचं बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. घळींसाठी वासदजवळची मही नदीची कोतरं, म्हणजे घळींनी चिरलेली जमीन, बघा. पावसाच्या पाण्याने आधी बारीक ओघळ, ओघळाची घळ, घळी रुंदावत दरी, ही पुस्तकातली साखळी तिथे मऊ गाळाच्या जमिनीत एकाच नजरेत दिसते.

धबधब्याचं थोडक्यात: वर कठीण खडक, खाली मऊ. मऊ खडक आतून पोखरला जातो, वरचा भाग अधांतरी राहतो, कोसळतो आणि धबधबा उगमाकडे मागे सरकतो. मागे सरकण्याचा बाण समुद्राच्या दिशेने काढला की गुण गेले. जिथून तो मागे सरकला तिथे घळई उरते.

आणखी एक वाक्य खोडून टाका: "खालच्या टप्प्यात नदी मंद होते." तिथे उतार मंद होतो. पाण्याचा सरासरी वेग तिथे बऱ्याचदा कमी होत नाही, उलट वाढतोही, कारण पात्र खोल असतं आणि तळाकाठाचं घर्षण त्या मानाने कमी पडतं. म्हणून "उतार कमी, खोलवर झीज कमी, बाजूची झीज जास्त" असं लिहायचं. जोर घटतो तो ठरावीक ठिकाणी: वळणाच्या आत, काठाबाहेर, मुखाशी.

नर्मदा डेल्टा का करत नाही, हा आपल्याकडचा आवडता प्रश्न. "भरती गाळ वाहून नेते" एवढंच लिहिणं अर्धवट आहे, कारण भरती-ओहोटी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी, सुंदरबनातही आहे. पण गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात. समुद्र नेईल त्यापेक्षा जास्त माल येतो, म्हणून भर उरते. नर्मदा १३१२ किलोमीटर वाहते, पण बराचसा प्रवास कठीण खडकातल्या खचदरीतून (रिफ्ट व्हॅली), आणि पसरायला किनारी मैदान फारसं मिळत नाही. शिवाय खंभातच्या आखातात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं मंदिर भरतीला पाण्याखाली जातं ते याच पाण्यामुळे. उत्तरात तेवढी ओळ शोभून दिसते. मात्र "मुखाशी गाळ साचतच नाही" असं लिहू नये. भरूचच्या खाली नर्मदेच्या मुखात अलियाबेट हे बेट गाळाचंच आहे.

किनाऱ्याच्या भागाला आपलं आखात फारसं उपयोगी नाही, तिथे चिखलच चिखल. कडे आणि मंच समजायला कोकणातलं हरिहरेश्वर चांगलं. गावी जाताना बघितलं असेल तर फोटो काढून समोर ठेवा. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच पाडतात, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पुढे मंद उताराचा खडकाळ मंच उरतो, जो ओहोटीला उघडा पडतो. गुहा, कमान, स्तंभ, बुंधा हा क्रम सोपा आहे; फक्त सुरुवात खडकाच्या भेगेपासून करायची, आणि हे भूशिरावरच का, तर लाटा वळून तिथे एकवटतात म्हणून.

वाळूची वाटचाल काढताना एक चूक ठरलेली. लाट तिरकी वर येते, पण परतताना पाणी सरळ उताराने खाली जातं, म्हणून वाळू करवतीच्या दात्यांसारखी पुढे सरकते. दोन्ही बाण एकाच तिरक्या रेषेत काढले तर वाळू जागच्या जागीच राहील. किनारा जिथे वळतो तिथे ही वाळू सरळ पुढे साचत जाते आणि एका टोकाने जमिनीला जोडलेला दांडा, म्हणजे स्पिट, तयार होतो; काकिनाड्याचा लक्षात ठेवा. वाळूच्या बांधाने उपसागराचं तोंड जवळजवळ बंद केलं की आत खाजण, उदाहरण चिल्का.

लिहिताना पाच मार्कांना साचा असा: एका ओळीत काय आहे, एका ओळीत कुठे सापडतं, मग प्रक्रिया तीन-चार पायऱ्यांत, आकृती, शेवटी एक नाव घेऊन उदाहरण. आकृती उत्तराच्या आधी काढायला सांगा. ती समोर असली की पायऱ्या सुटत नाहीत. नावं आकृतीच्या बाहेर उजवीकडे, आडव्या सरळ रेषांनी, आणि प्रवाहाचा बाण प्रत्येक आकृतीत.