इंग्लंडमध्ये मुदत संपलेल्या रेलकार्डावर (तिकिटात सवलत देणारं कार्ड) प्रवास करताना पकडलो गेलो, रेल्वे कंपनीचं पत्र आलंय. खटला होईल का?

पत्र आलं म्हणजे खटला दाखल झाला असं नाही. बहुतेक वेळा पहिल्या पत्रात ते फक्त तुमची बाजू विचारतात. दिलेल्या मुदतीत उत्तर द्याच. गप्प बसलात तर प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता वाढते.

उत्तर थोडक्यात आणि खरं लिहा. मुदत कधी संपली ते सांगा, नवीन कार्ड काढलं असेल तर पावती जोडा. बुडालेलं भाडं आणि कंपनीचा खर्च भरायला तयार आहात हे स्पष्ट लिहून कोर्टाबाहेर मिटवण्याची विनंती करा. पुष्कळ कंपन्या ऐकतात, पण तो तुमचा हक्क नाही. कारणं रचू नका, ऑनलाइन काढलेल्या जुन्या तिकिटांची नोंद त्यांना तपासता येते.

पत्रात कायदा कोणता आहे ते नीट बघा. १८८९ च्या रेल्वे कायद्याखाली भाडं बुडवण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. शिक्षा १००० पौंडांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. रेल्वेच्या उपविधींखाली (बायलॉज, म्हणजे रेल्वेचे नियम) हेतू सिद्ध करावा लागत नाही, पण शिक्षा फक्त दंडाची. म्हणून खरोखरच विसरला असाल तर ते ठळकपणे लिहा.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे हलक्यात घेऊ नका. शिक्षा झाली तर पुढच्या व्हिसा अर्जात सांगावी लागते. कोर्टाबाहेरची तडजोड म्हणजे दोषसिद्धी नव्हे. असे बरेच प्रवास झाले असतील, तर उत्तर पाठवण्याआधी सॉलिसिटरला भेटा. विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत बहुधा मोफत सल्ला मिळतो, तिथे आजच विचारा.