वहिनी, नवा मोबाइल आलाय ना, मग ऐका

वहिनी, मुलाने फोन आणून दिला म्हणजे दिवसभर त्याच्या हाकेला ओ द्यायची असं नाही. मी मोबाइल घेतला तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे. इथे इंदूरला राजवाड्याहून निघाले की घरी मिस्ड कॉल द्यायचा आणि फोन पर्समध्ये. ती सवय मी मोडू दिली नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजताना वाजला तर वाजू दे, काम असेल तर माणूस पुन्हा करतो.

घरच्यांचा ग्रुप आधी म्यूट करा. सकाळी पोह्यांवर शेव पडायच्या आत चाळीस गुड मॉर्निंग येतात. (आमचे जावईबापू आघाडीवर, हे तुमच्याजवळच ठेवा.)

पैशांचं मात्र नीट ऐका. सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन पैसे देताना यूपीआयचा पिन लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. ‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हणाला की फोन ठेवायचा, शिष्टाचार गेला खड्ड्यात. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसला तरी तेच. कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच अटक, असं काही नाही. मला असा फोन आला तेव्हा पाच मिनिटं ‘साहेब, साहेब’ करत बसले होते, कपाळावर घाम. शेवटी ह्यांनी फोन हातातून काढून घेतला. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

आणि *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय नंबर (फोनची ओळख, हरवला तर तक्रारीत लागते) दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. मी फोनमध्येच ठेवला होता, आणि फोन राहिला छप्पन दुकानला, रिक्षात!