घरच्या स्टँडमध्ये पाहुण्यांची जर्सी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मूळचे साताऱ्याचे, चार वर्षांपासून नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहता आणि तिथल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगमधल्या एका संघाचे चाहते आहात. परगावच्या एका सामन्यासाठी पाहुण्यांच्या वाट्याची तिकिटे संपली, म्हणून आपण आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याने समाजमाध्यमावरच्या एका अनोळखी माणसाकडून यजमानांच्या स्टँडमधली दोन तिकिटे प्रत्येकी १४० पौंडांना घेतली आणि पैसे थेट बँकेतून पाठवले. ८०व्या मिनिटाला आपल्या संघाने गोल केला, तेव्हा दोघेही उठून ओरडलात; आपल्या जॅकेटची चेन अर्धी उघडी असल्याने आतल्या जर्सीची कॉलर दिसली आणि स्टुअर्डने, म्हणजे मैदानावरची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने, आपल्याला बाहेर काढले, सहकाऱ्याला मात्र बसू दिले. बाहेर नाव-पत्ता लिहून घेतला गेला, आणि आता १४ दिवसांत खुलासा न केल्यास मैदानावर कायमची बंदी घालू, असे क्लबचे पत्र आले आहे. पैसे परत मिळतील का, अशी बंदी घालता येते का आणि पुढच्या वर्षीच्या कायम वास्तव्याच्या अर्जाला याची झळ लागेल का, असे आपण विचारता. माझे उत्तर इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यापुरतेच आहे.

पैशांची आशा सोडावी. मैदानाचे तिकीट म्हणजे खासगी जागेत येण्याची परवानगी असते आणि तिच्यासोबत मैदानाचे नियम येतात. यजमानांच्या भागात बसलेल्या पाहुण्यांच्या चाहत्याला बाहेर काढता येते, हे त्या नियमांत सहसा स्पष्ट लिहिलेले असते. १८४५ च्या ‘वूड विरुद्ध लेडबिटर’ या खटल्यात एक गिनी मोजून डोंकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतीला आलेल्या माणसाला बाहेर काढले गेले आणि तो दावा हरला. पुढे दुसऱ्या एका खटल्यात, पैसे भरूनही गैरसमजातून चित्रपटगृहाबाहेर काढलेल्या हर्स्ट नावाच्या प्रेक्षकाला भरपाई मिळाली खरी, पण त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. आपण मोडला आहे. राहिला तिकीट विकणारा. फुटबॉलची तिकिटे अधिकृत परवानगीवाचून विकणे हा १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे. तो गुन्हा विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा नव्हे. तरीही ज्याचा खरा पत्ताच आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यावर १४० पौंडांसाठी दावा लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पाहुण्यांच्या बाजूचे तिकीट लीगच्या नियमाने ३० पौंडांच्या वर जात नाही, हे आपल्याला माझ्याहून अधिक बोचत असेल.

बंदीच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. क्लब घालतो ती बंदी म्हणजे जागामालकाने ‘पुन्हा येऊ नका’ असे सांगणे; ती घालण्याचा त्याला अधिकार आहे आणि तिची नोंद गुन्हेगारी अभिलेखात होत नाही. न्यायालयाचा बंदी आदेश १९८९ च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्याखाली निघतो, एकतर फुटबॉलशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरल्यावर किंवा हिंसाचार व गोंधळाला हातभार लावल्याच्या पोलिसांच्या तक्रारीवरून. तो किमान तीन वर्षांचा असतो आणि परदेशातील ठरावीक सामन्यांच्या काळात पासपोर्टही जमा करावा लागू शकतो. आपल्याला अटक झाली नाही, आरोप ठेवला गेला नाही, आणि गोल झाल्यावर ओरडणे हा कोणत्याच कायद्याखाली गुन्हा नाही. ओरडताना आपण एक अस्सल सातारी शिवी हासडली, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे. आसपास ती कळणारे कोणी नसावे. खुलाशात तिचा अनुवाद देण्याची गरज नाही.

एकच गोष्ट तपासून पाहा. बिअरचा ग्लास आपण जागेवर नेला होता का? खेळपट्टी दिसते अशा जागी सामन्याच्या वेळी मद्य बाळगणे हा १९८५ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. नेला असेल तर खुलासा पाठवण्यापूर्वी वकिलाला भेटा.

कायम वास्तव्याच्या अर्जात दोषसिद्धी, पोलिसांचा ‘कॉशन’ (खटल्याऐवजी दिलेली औपचारिक ताकीद), दंड वगैरेंची माहिती मागतात. क्लबचे पत्र यात बसत नाही. मात्र पोलिसांनी पुढे बोलावलेच, तर लवकर सुटका व्हावी म्हणून ‘कॉशन’ स्वीकारू नका, कारण तो गुन्ह्याची कबुली देऊनच मिळतो आणि अर्जात सांगावा लागतो. पोलीस ठाण्यात चौकशीसाठी गेल्यास उत्पन्न कितीही असले तरी वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. तो मागून घ्या.

आता ज्या वाक्यावरून आपण पत्रात घाईने पुढे गेलात, त्याकडे येतो. सहकारी त्याच संघाचा, त्याच रांगेत, तोही उठला, तोही ओरडला, आणि तो बसून राहिला. क्लब म्हणेल की फरक कातडीच्या रंगाचा नसून जर्सीच्या रंगाचा होता, आणि सहकाऱ्याच्या अंगावर साधा काळा कोट होता हे पाहता ते उत्तर पोकळ नाही. परंतु स्टुअर्ड आपल्याकडे आला तो कॉलर दिसल्यावर की त्याआधीच, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. २०१० च्या समानता कायद्याखाली सेवा देताना वंशावरून केलेला भेदभाव बेकायदा आहे, आणि भेदभावाचा निष्कर्ष निघू शकेल अशी वस्तुस्थिती आपण दाखवली, तर तो झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार क्लबवर जातो. दावा काउंटी न्यायालयात, घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.

याचे उत्तर सीसीटीव्हीच्या चित्रणात आहे, आणि असे चित्रण फार काळ ठेवत नाहीत. म्हणून खुलासा लिहिण्याआधी, आजच, क्लबच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्याला ई-मेल करून आपले स्वतःचे चित्रण मागा. सामन्याची तारीख, स्टँड, रांग, आसन क्रमांक आणि ८०वे मिनिट असा उल्लेख करा, आपले छायाचित्र जोडा आणि हे चित्रण नष्ट करू नये असे स्पष्ट लिहा. क्लबने साधारणपणे एका महिन्यात उत्तर देणे बंधनकारक आहे. सहकाऱ्याकडूनही, त्याची आठवण ताजी असतानाच, सही-तारखेसह निवेदन लिहून घ्या.

खुलासा एका पानाचा असावा. आपण पाहुण्या संघाचे चाहते आहात, यजमानांच्या भागात बसलात ही चूक झाली, कोणाला धक्का दिला नाही, सांगताच बाहेर आलात, एवढे पुरे. तिकीट कोठून घेतले हे विचारले असेल तर खरे सांगा आणि विक्रेत्याशी झालेले संभाषण जोडा. भेदभावाचा आरोप या पत्रात करू नका; चित्रण मागवले आहे आणि ते पाहिल्यानंतर आपली बाजू अधिक मांडण्याचा हक्क राखून ठेवत आहे, हे शेवटचे वाक्य मात्र विसरू नका.