मोर्च्यात पोलीस व्हिडिओ काढतात, तर तोंड झाकून जावं का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात नागपूरला विधिमंडळ अधिवेशनावरच्या मोर्च्याला जायचंय, पोलीस कॅमेरे आणि ड्रोन लावतात, हे कायद्यात बसतं का आणि तोंडाला स्कार्फ बांधून जावं का. बांधू नका. याच स्कार्फवरून माझ्या सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून लिहायला बसले.

मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. आमचा मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघाला आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला. दादाने सकाळीच बजावलं होतं, "तोंड उघडं नको ठेवू, लेकराबाळांची आहेस." गाडीवर बांधलेला स्कार्फ मी तसाच ठेवला होता. बॅरिकेडच्या पलीकडून एक हवालदार हातात छोटा कॅमेरा घेऊन कडेकडेने चालत होता. घोषणा कोण देतं याकडे त्याचं लक्षच नव्हतं. एकेका चेहऱ्यावर दोन-तीन सेकंद थांबायचा, मग पुढे. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, ते काढा ना जरा." मी काढला, चिडून काढला. नऊ वर्षं पगाराविना शिकवतेय, मी लपू काऊन?

चार दिवसांनी साध्या कपड्यातला एक माणूस शाळेत येऊन गेला. मी कोणत्या संघटनेत, घरी कोण कोण, सगळं मुख्याध्यापकांना विचारलं. नोटीस नाही, लेखी काही नाही. दादा म्हणाला, "सांगितलं होतं ना."

पण माझी एक सहकारी शेवटपर्यंत स्कार्फ बांधून होती. तिच्याकडेही तोच माणूस गेला. परवानगीच्या अर्जावर आम्हा दोघींची नावं आणि मोबाइल नंबर होते! दादाला हे दहादा सांगितलं, त्याला पटत नाही.

त्याची भीती मला कळते. २३ नोव्हेंबर १९९४ ला तो सीताबर्डीत होता. गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली, ११४ जण गेले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. रस्त्यावर पडलेल्या चपला त्याने पाहिल्यात. म्हणून माझं म्हणणं आहे, ड्रोन उडवण्याआधी पोलिसांनी बॅरिकेडमधून मागे फिरायला वाट ठेवावी.

कायद्याचं म्हणाल तर शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. रस्त्यावर चित्रीकरण करायला पोलिसांना मनाई करणारा कायदा नाही. खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं, पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना मोठी सूट आहे. ते काढतात तर तुम्हीही काढा. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३६ मध्ये आहे. ते नाव टिपून ठेवा. नुसतं ताब्यात घेतलं तर बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ६८-६९ खाली नावं लिहून संध्याकाळी सोडतात.

एक राहिलं. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर माझं ऐकून जाऊ नका, आधी १९७९ चे वर्तणूक नियम वाचा. आणि अर्जावर सही करणार असाल तर घरी आधी सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंना तो माणूस येऊन गेल्याचं शेजारणीकडून कळलं, ते मला अजून लागतं.