“प्रार्थना करून निघालो होतो, मग असे का झाले?”

पुण्यात समुपदेशनाचे काम करताना गेली 22 वर्षे एक प्रश्न मला ठरावीक महिन्यांत ऐकू येतो. नाताळची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की एखादे ख्रिस्ती कुटुंब समोर येऊन बसते. गावी जाताना वाटेत गाडीला अपघात झालेला असतो, जखमा भरत आलेल्या असतात आणि तरीही कुणीतरी खाली मान घालून विचारते, “मॅडम, आम्ही प्रार्थना करून निघालो होतो, मग असं का झालं?” त्या आवाजात तक्रार कमी आणि भीती जास्त असते. आपल्या घरावर देवाची नाराजी आहे, आपला विश्वास कुठेतरी तोकडा पडला, अशी ती भीती असते. गेल्या महिन्याभरात तीन घरांनी मला हेच विचारले, म्हणून पूर्वीच्या एका कुटुंबाची हकिगत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

घरात चार माणसे होती: कारखान्यात पाळीची नोकरी करणारे वडील, आई, 13 वर्षांची मुलगी आणि आजी. नाताळच्या दोन दिवस आधी दुपारी अडीचच्या सुमारास ही मंडळी नगरला निघाली. निघताना आजीने दारात सर्वांना उभे करून बायबलमधले स्तोत्र 121 (‘तुझा रक्षक झोपत नाही’) वाचले आणि प्रार्थना केली. शिरूर ओलांडून सुप्याच्या अलीकडे, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर, गाडी डावीकडे घसरत जाऊन बाभळीला धडकली आणि चारीत कलंडली. आजीचे मनगट मोडले, मुलीच्या हनुवटीला पाच टाके पडले. मांडीवरचा करंज्यांचा डबा उघडून खोबऱ्याचे सारण तिच्या केसांत आणि फुटलेल्या काचेत मिसळले होते, आणि पुढे कित्येक आठवडे वेलदोड्याचा वास आला की तिला मळमळत असे. वडिलांनी सांगितले की एक कुत्रे आडवे आले. सर्वांनी ते मान्य केले, आणि चर्चच्या मंडळीतही तसेच सांगण्यात आले.

ते माझ्याकडे आले ते मुलीसाठी. ती रिक्षातसुद्धा बसायला तयार नव्हती आणि बसलीच तर आरशातून चालकाच्या चेहऱ्यावरची नजर हटवत नसे. मात्र पहिल्या भेटीत मला मुलीइतकीच वडिलांची काळजी वाटली. उपकारस्तुतीच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाने कसे वाचवले ते सर्वांसमोर सांगायला, पुढे बोलावले होते आणि ते बाकावरून उठूच शकले नव्हते. तेव्हापासून ते उपासनेला जाणे टाळत होते. घरात त्याचा अर्थ ‘विश्वास डळमळला’ असा लावला गेला होता.

मी घराकडे एकत्र पाहणारी समुपदेशक आहे. एकाचे दुखणे बहुधा सगळ्यांनी मिळून गप्प राहण्यातून जन्माला येते, असे माझे अनुभवाने पक्के झालेले मत आहे. त्यामुळे देवाने असे का होऊ दिले, या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई मी केली नाही. चौथ्या भेटीत मी चौघांना एकत्र बसवले आणि एवढेच विचारले, “गाडी रस्ता सोडण्यापूर्वी शेवटचं काय पाहिलेलं आठवतं?”

आई मोबाईल पाहत होती. आजी खिडकीतून ज्वारीची शेते पाहत होती. वडील म्हणाले, “कुत्रं.” मग मुलीची पाळी आली. ती बराच वेळ ओढणीच्या गोंड्याशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, “आरशात पप्पांचे डोळे.”

“कसे होते?”

“मिटलेले.”

अशा वेळी काही न बोलणे हीच मला शिकायला सर्वांत जास्त वर्षे लागलेली गोष्ट आहे. मी बोलले नाही. पंखा फिरत होता. शेवटी वडीलच म्हणाले, “कुत्रं नव्हतं. मला डुलकी लागली होती.”

मला वाटले, गाठ सुटली. खरी गाठ त्याच्याही खाली होती. मुलगी रडू लागली आणि म्हणाली, “मला माहीत होतं. आधीपण दोनदा तुमचे डोळे मिटले होते. मी हाक मारणार होते. पण आजीने म्हटलं होतं ना, आपला रक्षक झोपत नाही. मग हाक मारली तर माझा विश्वास नाही असं होईल, असं वाटलं.”

इतके दिवस त्या मुलीने अपघाताचा दोष स्वतःकडे ठेवून घेतला होता, आणि घरातले कुत्रे जिवंत असेपर्यंत तो तिच्याकडून काढून घेणे कुणालाच शक्य नव्हते. वडील उठून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, “चूक माझी आहे, बाळा. तुझी नाही.” त्यानंतर आजीने प्लास्टरमधला हात मांडीवर घेत हळूच म्हटले, “रात्रपाळी करून आला होता तो. नऊला झोपला, अकराला मीच उठवलं, सामान बांधायला.” आई काही बोलली नाही, पण तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

मराठी पवित्र शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्रात पापे ‘पदरी घेणे’ असा शब्दप्रयोग आहे. लहानपणापासून मी तो वाचत आले होते. पण जे आपले आहे ते दुसऱ्याच्या पदरातून उचलून स्वतःच्या पदरात घेणे हा त्याचा अर्थ मला त्या दिवशी त्या खोलीत प्रत्यक्ष दिसला. वडील साक्ष देऊ शकले नाहीत, याचे कारणही तेव्हा उलगडले. त्यांचा विश्वास डळमळलेला नव्हता. उलट, खोटे कुत्रे घेऊन देवाच्या वेदीसमोर उभे राहणे त्यांच्या विश्वासाला मानवत नव्हते. घराने ज्याला दुबळेपणा समजले होते ते त्यांच्यातले सर्वांत धडधाकट अंग होते.

आता प्रश्नाकडे वळते, कारण तो अनेकांचा आहे. अपघात ही शिक्षा असते का, असे विचारणाऱ्यांना मी लूकच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायाकडे नेते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती का, असा प्रश्न येशूने स्वतःच उपस्थित केला आणि स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. पश्चात्तापाची हाक मात्र त्याने सर्वांनाच दिली. म्हणजे दुर्घटनेवरून कुणाच्या पापाचा हिशेब मांडू नये, पण दुरुस्त करण्यासारखे जे आपल्या हाती आहे त्याकडे वळावे.

प्रार्थना केली म्हणजे काळजी घेण्याची गरज उरली नाही, असे मानणाऱ्यांना मी सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगतो तो प्रसंग आठवायला सांगते. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे स्तोत्र 91मधले वचन तेथे सैतान उद्धृत करतो आणि येशू उडी मारण्यास नकार देतो. वचन खरे आहे, परंतु त्याच्या आधारे कठड्यावरून उडी मारायची नसते. झोप अनावर झालेली असताना चाक हाती धरणे हीही एक उडीच आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर कापते, म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ 90 मीटर अंतर चालकाविना जाते. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता 100 मिलिलीटर रक्तात सुमारे 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, आणि आपल्या कायद्यातली मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. पहाटेचे तास आणि जेवणानंतरचे दुपारी दोन ते चार हे शरीराच्या सुस्तीचे काळ आहेत. काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे यांनी झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटे झोपणे हाच उपाय आहे.

झोपेची गरज मान्य करण्यात अविश्वास नाही, हे मला श्रद्धाळू घरांना विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. संदेष्टा एलीया खचून रतामाच्या झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुढचा प्रवास त्याच्या शक्तीबाहेरचा आहे हे ओळखून पुन्हा खाऊ घातले. स्वतः येशू वादळात तारवाच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता. न झोपणारा एकच आहे, आणि तो आपण नाही.

मुलांच्या बाबतीत एक विनंती. अपघातानंतर सुरुवातीचे काही आठवडे दचकणे, वाहन टाळणे, ठरावीक वासाने अस्वस्थ होणे हे स्वाभाविक असते, मात्र महिना उलटूनही ते कमी झाले नाही तर मदत घ्यावी. आणि ‘देवाने वाचवलं ना, आता विसर’ असे म्हणून मुलाचे तोंड बंद करू नये. त्याने काय पाहिले हे आधी ऐकावे, आणि गाडीत डोळे मिटताना दिसले तर मोठ्या माणसाला बेधडक हाक मारण्याची मुभा त्याला प्रवासाआधीच द्यावी.

ती मुलगी हळूहळू सावरली. आधी उभ्या गाडीत बसून, मग सोसायटीच्या फाटकापर्यंत, मग मार्केट यार्डापर्यंत. मे महिन्यात ते कुटुंब पुन्हा नगरला निघाले, यावेळी सकाळी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. घोडनदीच्या पुढे एका चहाच्या टपरीवर थांबून मुलीने मला फोन केला. पप्पा मागच्या सीटवर झोपले आहेत आणि वीस मिनिटे झाली की उठवायचे काम तिच्याकडे आहे, असे तिने सांगितले. निघताना आजीने प्रार्थना केली का, असे मी विचारले.

“केली ना,” ती म्हणाली. “पण त्याआधी पप्पांना विचारलं, रात्री किती झोपलास?”