वाचकांचे प्रश्न : बेळगावची टीम पोसणार कोण?

प्रश्न : दादा, परवा कट्ट्यावर जोरात वाद झाला. पोरं म्हणतात हुबळीची टीम आहे, शिमोग्याची आहे, अहो रत्नागिरीची सुद्धा आहे, मग आपल्या बेळगावची का नको? आमचे काका म्हणतात की टेनिस बॉलच्या मॅचला फुकटात हजार माणूस उभं राहतंय, शंभराचं तिकीट लावा आणि मग मोजा. खरं कुणाचं?
(एक वाचक, शहापूर)

उत्तर : काकांना माझा नमस्कार सांगा. पण पहिल्यांदा एक आठवण करून देतो, आपली टीम होती की! क्रिकेटच्या कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये बेळगावी पँथर्स होती. २०१९ ला त्या लीगमध्ये फिक्सिंगचं प्रकरण निघालं, लीग थांबली, आणि २०२२ ला तिच्या जागी महाराजा ट्रॉफी सुरू झाली तेव्हा सहा टीम घेतल्या त्यात बेंगळुरू, म्हैसूर, हुबळी, गुलबर्गा, शिमोगा, मंगळूर, आणि बेळगाव गायब. आपल्याकडे कशावरनंही मोर्चा निघतो, ह्याच्यावर निघालेला मला तरी आठवत नाही. म्हणजे टीम गेली हे कळायला आधी ती आपली वाटायला पाहिजे होती, तिथंच गडबड.

आता रत्नागिरी. गावाची लोकसंख्या २०११ ला जेमतेम ७६ हजार, आणि रत्नागिरी जेट्सनी महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोनदा मारली. भारीच की! पण सगळ्या मॅच पुण्याजवळ गहुंज्याला, म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला आपली टीम बघायची तर घाट चढून जा नाहीतर मोबाईलवर बघ. प्रो कबड्डीत पण तेच, २०२४ चा अख्खा सीझन हैदराबाद, नोएडा आणि पुणे इथंच झाला, पाटणा फायनलपर्यंत गेली आणि पाटण्यात एक मॅच नाही. अशा टीमला गावाचं फक्त नाव लागतं, गाव लागत नाही. तेव्हा रत्नागिरीला जमतं मग आपल्याला का नाही हा पोरांचा मुद्दा इथं बाद.

गाव खरंच लागलं तर काय होतं त्याचा हिशोब करू. समजा बेळगावात वर्षाला ७ मॅच, प्रत्येकीला ५ हजार माणूस, तिकीट २०० रुपये. मॅचला १० लाख, सगळे मिळून ७० लाख. प्रो कबड्डीत एका टीमला नुसते खेळाडू घ्यायला दहाव्या सीझनला ५ कोटींची मर्यादा होती. प्रवास, हॉटेल, कोच, फिजिओ वेगळंच. मधला खड्डा टीव्हीचे पैसे आणि स्पॉन्सर भरतात, आणि स्पॉन्सर कुठल्या गावात किती गिऱ्हाईक आहे ते बघून येतो, त्याला आपल्या गर्दीचं कौतुक नसतं.

मग लहान गावाला जमतच नाही काय? जमतं, फुटबॉलमधलं ऐझॉल बघा. तिकडं मिझोराममध्ये, ३ लाखाच्या आतलं गाव, आपल्यापेक्षा लहान. २०१६ ला आय-लीग ह्या देशाच्या फुटबॉल लीगमधनं खाली गेले होते, तेवढ्यात गोव्याचे क्लब लीग सोडून बाहेर पडले, जागा रिकामी झाली म्हणून ह्यांना परत आत घेतलं, आणि त्याच २०१६-१७ च्या सीझनला पठ्ठे चॅम्पियन! ते काही आभाळातनं पडलं नाही, २०१२ पासनं मिझोरामची स्वतःची लीग होती आणि ती तिथल्या केबल चॅनलवर दाखवायचे, त्यामुळं पोरगं ज्याला टीव्हीवर बघायचं तो शेजारच्या गल्लीतला असायचा. पण पुढचं पण ऐका. कप जिंकला आणि कोच, चांगले खेळाडू कोलकत्याला गेले. लहान गाव चॅम्पियन घडवू शकतं, धरून ठेवायला त्याच्याकडं पैसा नसतो.

माझं मत विचाराल तर बेळगाव मैदान पोसतं, टीम नाही. आनंदवाडीच्या आखाड्यातली कुस्ती घ्या, जोडी ठरते, वर्गणी गोळा होते, इनाम लागतं, माणूस लोटतं. पण त्या पैलवानाचा वर्षभराचा खुराक आपण देतो काय? तो त्याचं घर नाहीतर तालीम बघते. एका संध्याकाळचे पैसे आपण हसत देतो, बारा महिन्याचा पगार नाही. म्हणून आपल्याला परवडणारी टीम कोल्हापूरच्या धर्तीची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे तिथले क्लब फुटबॉल खेळतात तेव्हा कोल्हापूर तिकीट काढून जातं, कारण पेठ विरुद्ध पेठ आहे. बाहेरचा चांगला खेळाडू मानधनावर येतो, बाकीचे नोकरी सांभाळून. आपल्याकडं शहापूर, वडगाव, कॅम्प, टिळकवाडी आहेतच की! कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत असूनही त्यांच्या लीगमध्ये मात्र घुसता येत नाही, फुटबॉलच्या संघटना राज्यवार आहेत, सीमा इथं पण आडवी.

प्रश्न : सोसायट्या तर आपल्याकडं पैशाला पासरी. गावानीच शेअर काढून टीम घेतली तर?
(निपाणीहून एक सभासद)

उत्तर : झालंय असं, अमेरिकेत. ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं गाव, तिथली पॅकर्स ही त्यांच्या फुटबॉलची टीम १९२३ पासनं लोकांच्या मालकीची, आज ५ लाखाच्या वर शेअरहोल्डर. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, तिथं टीव्हीचे पैसे ३२ टीममध्ये सारखे वाटतात, ते नसते तर गाव कधीच दमलं असतं. दुसरी, त्या शेअरवर डिव्हिडंड शून्य, शेअर नफ्यात विकता पण येत नाही. हे तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत माईकवर सांगून बघा, आणि मला कळवा.

प्रश्न : टीम झालीच तर नाव बेळगाव ठेवायचं की बेळगावी? आमच्या ग्रुपवर आत्ताच भांडण लागलंय.
(खानापूरच्या एक ताई)

उत्तर : ताई, अजून बॉल आला नाही, स्टंप आले नाहीत! सरकारदरबारी १ नोव्हेंबर २०१४ पासनं बेळगावी, लीगवाले तेच लिहिणार. तुम्ही ओरडताना काय ओरडायचं ते कोण बघतंय? आणि जर्सीवर पाठीमागं आडनाव छापतात, तिथं पाटील असला की झालं, दोन्हीकडचे म्हणतील आमचाच.