सेमीकंडक्टरच्या कारखान्यांना कुशल माणसं मिळतील का? आणि पगार चांगला दिला तर टिकतील का?

मिळतील. टिकण्याचं मात्र पगारावर फारसं ठरत नाही.

मी मूळचा नाशिकचा, डिप्लोमावाला. सिंगापूरला वुडलँड्सच्या एका फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्यात, एचिंगच्या (चिपवर बारीक नक्षी कोरण्याच्या) मशीनवर ९ वर्षं काढली, त्यामुळे फॅब पाहिलीय ती खालच्या पायरीवरून.

जगातले सुमारे २० टक्के चिप डिझायनर भारतात आहेत, असं सरकार अभिमानानं सांगतं. पण डिझाइन बंगळुरात किंवा पुण्यात एसीत बसून होतं. फॅब चालते ती मशीन उघडून पुन्हा जसंच्या तसं बंद करणाऱ्याच्या हातावर, आणि असे हात आपल्याकडे कमी आहेत.

एकदा रात्री अडीचला मशीनच्या चेंबरचं, म्हणजे हवा काढून घेतलेल्या बंद कप्प्याचं, पीएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीची साफसफाई, उरकून मी पंप लावला. लीक टेस्ट फेल. पुन्हा उघडलं, पुसलं, बंद केलं. पुन्हा फेल. साडेतीन तास गेले, पंचवीस-पंचवीस वेफरचे (ज्यांच्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांचे) डबे खोळंबलेले, सुपरवायझरचे फोनवर फोन. मी मॅन्युअल चाळतोय तोवर आमचे अंकल आले. हे रोज मलेशियातल्या जोहोरहून कंपनीच्या बसनं पूल ओलांडून यायचे. त्यांनी ग्लव्हज घातलेलं बोट ओ-रिंगवरून, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावरून, सावकाश फिरवलं, एके ठिकाणी थांबले आणि चिमटीत काहीतरी धरून टॉर्चखाली दाखवलं. पुसायच्या कापडाचा तंतू, पापणीच्या केसाहूनही बारीक. टेस्ट पास.

पीएम एकट्यानं करायला मला सहा-आठ महिन्यांत जमलं. मशीन का रुसलंय ते ओळखायला चार वर्षं लागली. आणि आमच्याकडे पोरं नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडून जायची, म्हणजे शिकवण्याचा खर्च झाला आणि उपयोग सुरू होणार तेवढ्यात.

का जायची? १२ तासांची पाळी, दोन दिवस, मग दोन रात्री. पाणी प्यायचं तर क्लीनरूममधून (धूळ नसलेल्या खोलीतून) बाहेर या, अंगभर झाकणारा बनी सूट उतरवा, परत चढवा; म्हणून निम्मे जण पाणीच कमी प्यायचे. माझी मुलगी शाळेला निघायची तेव्हा मी झोपायला जायचो. वर डिप्लोमावाल्याला बढतीची शिडी तोकडी. अंकलना १९ वर्षांनी मिळालेली ग्रेड डिग्रीवाल्या पोराला रुजू होतानाच मिळायची. ते कधी बोलले नाहीत, पण हिशेब सगळ्यांना कळत होता.

नुसत्या पैशानं भागत नाही हे अमेरिकेत अ‍ॅरिझोनात दिसलं. टीएसएमसी या तैवानच्या बड्या चिप कंपनीला पैशाची ददात नव्हती, तरी जुलै २०२३ मध्ये पहिल्या फॅबचं उत्पादन २०२४ वरून २०२५ वर ढकलत असल्याचं जाहीर करावं लागलं. मशीन बसवणारे कुशल कामगार पुरेसे नाहीत, हे कारण. तैवानहून माणसं आणायची म्हटल्यावर तिथल्या युनियन खवळल्या. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांनी टेक्निशियनसाठी १० दिवसांचा कोर्स काढला होता. दहा दिवसांत सूट घालायला शिकतो माणूस, तंतू शोधायला नाही.

आता गुजरातमधलं धोलेरा. टाटांची तिथली फॅब ९१,००० कोटींची, महिन्याला ५०,००० वेफरची. अहमदाबाद तिथून साधारण १०० किलोमीटर. नाइट करून आलेल्या माणसाच्या बायकोला नोकरी कुठे, मुलांना शाळा कुठे, मध्यरात्री ताप आला तर डॉक्टर कुठे, याची उत्तरं आधी लागतील. साणंदच्या चिप कारखान्यांचं बरं आहे, अहमदाबाद हाताशी आहे. (२०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगाव सोडून गुजरातला गेला तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, आणि वर्षभरात ती भागीदारीच मोडली. पण चाकण-तळेगावला राहती वस्ती आणि यंत्रावर हात बसलेली माणसं आयती होती, ते मला आजही चुकल्यासारखं वाटतं.)

तुम्ही स्वतः अशा नोकरीचा विचार करत असाल तर मुलाखतीत पॅकेजच्या आधी विचारा, पाळी कशी फिरते आणि टेक्निशियन कुठपर्यंत चढू शकतो. एचआर अडखळला तर समजून जा.

आमचे अंकल शेवटी गेलेच. शेजारच्या फॅबनं पगार जेमतेम वाढवला होता. कायमची डे शिफ्ट दिली होती.